व्हॉल्टवरून अपडेट चाललं म्हणजे सपोर्ट मिळाला असं नाही

तुमचा प्रश्न वाचून आमचं जुनं दुखणं उफाळून आलं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. बाकीच्यांसाठी प्रश्न थोडक्यात असा: सेंटओएस ७ चा (रेड हॅट कंपनीच्या लिनक्सवरून बांधलेली फुकट लिनक्स) सर्व्हर आहे. मिररलिस्टचं (पॅकेजेस कुठून उतरवायची त्या ठिकाणांची यादी देणारा सर्व्हर) नाव सापडत नाही म्हणून यम (पॅकेजेस बसवणारी आणि अपडेट करणारी आज्ञा) रडत होतं. रेपोच्या (पॅकेजेसच्या भांडाराच्या) फायलींत व्हॉल्टचा (सेंटओएसच्या जुन्या पॅकेजेसच्या संग्रहाचा) पत्ता टाकल्यावर रडणं थांबलं आणि आता ‘नो पॅकेजेस मार्क्ड फॉर अपडेट’ येतं. त्यावरचं सॉफ्टवेअर पुरवणारे म्हणतात, आमचं ७ वरच चालतं. आणि एक कंपनी पैसे घेऊन वाढीव सपोर्ट देतेय. तो घेतला तर दोन-तीन वर्षं निवांत बसता येईल का?

सपोर्ट घ्यायला हरकत नाही. निवांत बसायला आहे.

बॅकअप, चाचणीसाठी वेगळा सर्व्हर वगैरे तुम्ही केलंच असेल, त्यात जात नाही. मी वकील नाही आणि तुमचा करार मी पाहिलेला नाही, त्यामुळे पुढचं सगळं ‘आमच्याकडे असं झालं’ या हिशेबानं वाचा.

आधी तो संदेश. सेंटओएस ७ चा शेवट ३० जून २०२४ ला झाला, म्हणजे नव्या दुरुस्त्या येणं थांबलं, आणि त्यानंतर मिररलिस्टचं यंत्रही बंद केलं गेलं. व्हॉल्टमध्ये जे आहे ते त्या दिवसापर्यंतचं. तिथलं सगळं तुमच्याकडे आधीच बसवलेलं आहे, एवढंच तो संदेश सांगतो. पाच वर्षांनी चालवलंत तरी हेच उत्तर येईल. व्यवस्थापनातल्या माणसाला ही ओळ दाखवली की तो ‘अरे वा, सगळं अद्ययावत आहे’ म्हणून मोकळा होतो, म्हणून ती दाखवूच नका.

आता मुद्द्याचं. सपोर्ट सर्व्हरला नसतो, पॅकेजला असतो. एका सर्व्हरवरची पॅकेजेस एकाच घरची नसतात. तुमच्याकडे यम लिस्ट इन्स्टॉल्ड चालवा आणि तिसरा रकाना वाचा. काहींपुढे ‘@बेस’ दिसेल, काहींपुढे ‘@अपडेट्स’, बऱ्याच जणांपुढे ‘@ईपेल’. पहिली दोन सेंटओएसची स्वतःची रेपो, ईपेल हे बाहेरचं जादा पॅकेजेसचं रेपो. मधूनच एखाद्या ओळीत @ नंतर तिरकी रेघ आणि पुढे आरपीएम (म्हणजे पॅकेजच्या) फाईलचं अख्खं नाव असेल. म्हणजे कधीतरी कुणीतरी ती फाईल उतरवून हातानं बसवली, त्या पॅकेजला कुठलंच रेपो नाही. नुसतंच ‘इन्स्टॉल्ड’ लिहिलेली ओळ असेल तर ते कुठून आलं हे यमलाही माहीत नाही. शिवाय ऑप्ट आणि यूएसआर लोकल या फोल्डरांत सोर्सपासून बांधून ठेवलेलं जे काही असेल ते या यादीत येतच नाही. ते हातानं शोधावं लागतं, आणि नेमकं तिथेच सगळ्यात जुनाट काहीतरी सापडतं.

ही यादी सपोर्ट विकत घ्यायच्या आधी करा. आमच्याकडे ती आधी झाली नाही, कारण आम्ही जिथून सपोर्ट घेतला त्यांच्या विक्रीवाल्यानं ‘संपूर्ण ऑपरेटिंग सिस्टिमला कव्हर आहे’ असं छातीठोक सांगितलं होतं. नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. पैसे भरले, त्यांचं रेपो जोडलं, पॅचेसही यायला लागले. सगळे खूश. मग एका सुरक्षा तपासणीत चित्रांवर प्रक्रिया करणाऱ्या एका लायब्ररीवर लाल खूण आली. ती लायब्ररी ईपेलची होती आणि आमचं मुख्य सॉफ्टवेअर तिच्यावर उभं होतं. सपोर्ट डेस्कला विचारलं: या पॅकेजला तुमच्याकडून पॅच येणार का? हो किंवा नाही सांगा. उत्तर आलं, ‘आपली ऑपरेटिंग सिस्टिम अमुक तारखेपर्यंत कव्हर्ड आहे.’ पुन्हा विचारलं, पॅकेजचं पूर्ण नाव, आवृत्ती, रेपो, सगळं लिहून. पुन्हा तेच वाक्य, खाली वेगळ्या माणसाची सही. तिसऱ्यांदा तिकीट आपोआप ‘सोडवलं’ म्हणून बंद झालं आणि मागोमाग ‘आमची सेवा कशी वाटली’ याचा फॉर्म आला. तो फॉर्म मी भरला, आणि काय लिहिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

शेवटी उत्तर कुठे सापडलं, तर कराराला जोडलेल्या परिशिष्टात: बेस आणि अपडेट्समधली निवडक पॅकेजेस, आणि तीही गंभीर श्रेणीच्या त्रुटींपुरती. विक्रीवाला सरळ खोटं बोलला असं म्हणता येत नाही, आणि त्याचाच जास्त संताप येतो. पैसे गेले ते गेले. खरं नुकसान असं की ‘कव्हर आहे’ या भरवशावर नव्या सर्व्हरचं काम पुढच्या वर्षावर ढकललं गेलं होतं. ते मग घाईघाईत, वर्षअखेरीच्या कामाच्या रेट्यात करावं लागलं. त्या धावपळीत जे बिघडलं ते निस्तरायला लागलेला खर्च सपोर्टच्या बिलापेक्षा मोठा होता.

म्हणून सही करण्याआधी तुमची ती यादी त्यांना पाठवा आणि प्रत्येक ओळीपुढे होय किंवा नाही लिहून मागा. ईमेलवर, फोनवर नाही. मध्यम श्रेणीच्या त्रुटींचं काय, तेही विचारा. रेड हॅटच्या स्वतःच्या वाढीव सपोर्टचीही व्याप्ती मर्यादित आहे आणि ते आपल्या कागदपत्रांत तसं लिहितात. मर्यादा असण्यात गैर काही नाही, विचारल्यावर ती न सांगण्यात आहे. यादी पाठवल्यावर जो विक्रेता ‘आधी सही करा, तांत्रिक टीम नंतर बोलेल’ म्हणतो त्याच्याकडून घेऊ नका, हे माझं वैयक्तिक मत.

तपासणीवाल्यांशीही तुमची जुंपणार आहे, तर आत्ताच सांगतो. स्कॅनर बऱ्याचदा नुसता आवृत्तीचा आकडा वाचतो. सेंटओएस ७ वर ओपनएसएसएल (एन्क्रिप्शनची लायब्ररी) १.०.२के दिसतं, आणि मूळ प्रकल्पानं १.०.२ ची मालिका २०१९ च्या शेवटी सोडून दिली. पण रेड हॅटवाले आवृत्ती न बदलता दुरुस्ती मागे आणून बसवतात, तिला बॅकपोर्ट म्हणतात. खरी ओळख आकड्याच्या शेपटीत असते, ‘ईएल७_९’ च्या आसपास. आरपीएमला त्या पॅकेजचा चेंजलॉग विचारा आणि त्यात सीव्हीई क्रमांक (त्या त्रुटीचा जाहीर ओळख क्रमांक) शोधा. सापडला तर तो कागद तपासणीवाल्याच्या हातात द्या. चेंजलॉगमध्ये नाही सापडला तर लगेच घाबरू नका, कधीकधी ती त्रुटी त्या जुन्या आवृत्तीत मुळातच नसते.

याचं झणझणीत उदाहरण म्हणजे रिग्रेएसएसएच, सीव्हीई-२०२४-६३८७. ती जाहीर झाली १ जुलै २०२४ ला, म्हणजे सेंटओएस ७ संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी. सगळीकडे बोंबाबोंब. पण ती ओपनएसएसएच (सर्व्हरवर दुरून लॉगिन करायचं साधन) ८.५ पासूनच्या आवृत्त्यांत आलेली, आणि ७ वर आहे ७.४. म्हणजे नव्या रेड हॅट ९ वाल्यांची झोप उडाली आणि जुने वाचले. तेव्हापासून ‘जुनंच सुरक्षित’ म्हणणारे लोक हेच उदाहरण फेकतात. त्यांना इतकंच विचारा की पुढची त्रुटी ७.४ मध्ये निघाली तर पॅच कोण देणार.

आणि जुनेपणा फक्त हल्लेखोरामुळे चावत नाही. ३० सप्टेंबर २०२१ ला लेट्स एन्क्रिप्टच्या (वेबसाइटना फुकट सुरक्षा प्रमाणपत्रं देणारी संस्था) साखळीतलं एक जुनं मूळ प्रमाणपत्र संपलं. ओपनएसएसएल १.०.२ वाली यंत्रं धडधाकट सर्व्हरशीसुद्धा बोलायला नकार देऊ लागली, कारण संपलेला रस्ता सोडून दुसरा शोधायची अक्कल त्या आवृत्तीत नाही. तेव्हा सीए-सर्टिफिकेट्स या पॅकेजचं (विश्वासू मूळ प्रमाणपत्रांची यादी) अपडेट आलं आणि गाडी रुळावर आली. आज तसं काही झालं तर ते अपडेट व्हॉल्टमध्ये येणार नाही. तुमच्या सपोर्टच्या यादीत हे पॅकेज आहे का, तेवढं आवर्जून बघा. कुणाचंच लक्ष त्याकडे जात नाही.

आता तुमचे सॉफ्टवेअरवाले. ‘फक्त ७ वरच चालतं’ याचे दोन अर्थ असतात: खरंच चालत नाही, किंवा आम्ही दुसरीकडे तपासलेलं नाही आणि तपासायची इच्छाही नाही. बहुतेक वेळा दुसरा. त्यांना विचारा, नेमकी कुठली लायब्ररी अडते? नाव सांगता आलं नाही तर समजून जा. खरंच अडत असेल तर नव्या होस्टवर (सर्व्हरवर) कंटेनरमध्ये, म्हणजे बाकीच्यापासून वेगळ्या कप्प्यात, ७ चं वातावरण ठेवता येतं. एक खोच आहे: कंटेनरच्या आत सिस्टिमडी (सेवा सुरू-बंद करणारा प्रोग्राम) चालवत असाल तर ७ मधली २१९ ही आवृत्ती नव्या होस्टच्या सीग्रुप व्ही२ वर (कर्नलची प्रक्रियांचे गट करायची नवी पद्धत) उभीच राहत नाही. सरळ तुमच्या सॉफ्टवेअरची ती एकच प्रक्रिया चालवा. आणि कंटेनरमध्ये घातलं म्हणजे आतली जुनी पॅकेजेस तरुण होत नाहीत. कर्नल आणि एसएसएच तेवढे नवे मिळतात, बाकी दार बंद ठेवायचं काम तुमचंच.

उलट दिशेचा मोह टाळा. ७ मध्ये ग्लिबसी (जवळपास सगळे प्रोग्राम जिच्यावर उभे असतात ती लायब्ररी) २.१७ आहे, आणि नोड १८ च्या (जावास्क्रिप्ट चालवणारं सॉफ्टवेअर) अधिकृत बायनरीला २.२८ लागतं. मग कुणीतरी सुचवतं की ग्लिबसी हातानं नवीन टाका. नका टाकू. फायलींची यादी दाखवणारं एलएससुद्धा चालेनासं होतं आणि मग रेस्क्यू डिस्क घेऊन बसावं लागतं. तसंच यूएसआर बिनमधल्या पायथनची लिंक पायथन ३ कडे वळवू नका, यम पायथन २ वर चालतं आणि तिथेच मान टाकतं.

जागच्या जागी अपग्रेड करावं का? अल्मालिनक्सचं (सेंटओएसच्या जागी आलेली, रेड हॅटशी जुळणारी फुकट लिनक्स) एलिव्हेट हे साधन ७ वरून ८ वर नेतं आणि मग ८ वरून ९ वर. साध्यासुध्या सर्व्हरवर ते चांगलं चालतं असं लोक सांगतात, त्यांच्यावर माझा अविश्वास नाही. पण तिसऱ्या रकान्यात ज्याची खिचडी आहे त्यानं या वाटेला जाऊ नये. नवा सर्व्हर उभा करा, त्यावर अल्मा किंवा तशीच असलेली रॉकी ९ टाका (त्यांचा सपोर्ट २०३२ पर्यंत आहे, ८ चा २०२९ पर्यंत), डेटा हलवा, जुना काही दिवस बंद करून ठेवा. मारियाडीबी ५.५ या डेटाबेसचा डेटा असेल तर फोल्डर उचलून नेऊ नका, डंप काढून भरा. तारखांवर मात्र डोळे मिटून विसंबू नका. सेंटओएस ८ ला २०२९ पर्यंतचं आश्वासन होतं. डिसेंबर २०२० मध्ये घोषणा झाली आणि ते २०२१ च्या शेवटी संपलं. त्या काळात ज्यांनी नुकतंच ७ वरून ८ वर नेलं होतं त्यांचे चेहरे आठवतात.

‘सेंटओएस सोडून दुसरीकडे जाऊ का’ असं तुम्ही शेवटी विचारलंय. जा, पण हीच भानगड तिथेही आहे. उबुंटू एलटीएसची (दीर्घ सपोर्टवाल्या आवृत्तीची) पाच वर्षं मुख्यतः ‘मेन’ विभागाला असतात. ‘युनिव्हर्स’मधल्या हजारो पॅकेजेसची हमी उबुंटू प्रो घेतल्यावरच मिळते, जे वैयक्तिक वापराला पाच यंत्रांपर्यंत फुकट आहे. प्रो सिक्युरिटी-स्टेटस चालवलं की किती पॅकेजेस कुठल्या छत्राखाली आहेत ते स्वच्छ कळतं. डेबियनची तीन वर्षं आणि वर एलटीएसची दोन, पण त्या दोनमध्येही काही पॅकेजेस वगळलेली असतात. डेबियन-सिक्युरिटी-सपोर्ट नावाचं पॅकेज टाकून चेक-सपोर्ट-स्टेटस चालवा, ते नावानिशी सांगतं. इतका प्रामाणिकपणा आमच्या त्या सपोर्ट डेस्कनं दाखवला असता तर हे उत्तर अर्ध्यात संपलं असतं.

जुन्याच यंत्रावर नवं टाकणार असाल तर एक राहिलं. रेड हॅट, अल्मा, रॉकी यांच्या ९ ला किमान एक्स८६-६४-व्ही२ पातळीचा प्रोसेसर लागतो, रेड हॅट १० ला व्ही३. अल्मानं १० साठी व्ही२ ची वेगळी बांधणीही ठेवली आहे. आत्ताच्या ७ वरच एलएससीपीयू या आज्ञेच्या उत्तरात एसएसई४_२ आणि पॉपसीएनटी आहे का ते बघा, व्ही३ साठी एव्हीएक्स२. दुसरी अडचण रेड कंट्रोलरची (अनेक डिस्क एकत्र चालवणारं कार्ड, रेड हॅटशी संबंध नाही): ८ पासून बऱ्याच जुन्या कार्डांचे ड्रायव्हर काढून टाकलेत, आणि मग इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही. लाइव्ह पेनड्राइव्हवर चालू करून डिस्कची यादी दाखवणारी एलएसबीएलके ही आज्ञा टाका. डिस्क दिसल्या नाहीत तर ईएलरेपोकडे (ड्रायव्हर पुरवणारं बाहेरचं रेपो) त्या कार्डाचा ड्रायव्हर आहे का ते आधी शोधा, आणि तो मिळेपर्यंत सर्व्हर बंद ठेवायची वेळ कुणालाही कळवू नका.