पहिली स्मार्ट दुर्बीण घेतलीस, आता हे ऐक

भाऊ, सीस्टार एस५० घेतलीच आहेस तर पहिल्या रात्री अंधूक आकाशगंगांच्या मागे लागू नकोस. डिसेंबर-जानेवारीत मृगातला तेजोमेघ लाव. १०-१० सेकंदांचे फोटो ती स्वतःच एकावर एक रचत जाते. काही मिनिटांत फोनवर गुलाबी पंख उघडायला लागतात, पण तिथे थांबू नकोस, तासभर चालू दे. भिंग ५० मिलिमीटरचं, म्हणजे लहानच, त्यामुळे वेळ देशील तेवढी फोटोतली खरखर (दाणेदारपणा) कमी.

गच्चीच्या स्लॅबवर कोणी चाललं तरी तारे लांबट येतात. अंगणात घट्ट जमिनीवर तिपाई ठेव, लेव्हल नीट साध. माझ्या मते निम्मं काम इथेच होतं.

आपलं जळगाव-धुळे साधारण २१ अंश अक्षांशावर. कृत्तिका मध्यावर आल्या की जवळपास डोक्यावरच. तिथे या दुर्बिणीला माग ठेवणं जड जातं, चित्रही झपाट्याने फिरतं. त्या पूर्वेला अर्ध्या उंचीवर असतानाच धर.

शेजारी केळीची बाग असेल तर थंडीत दव फार, दुर्बिणीतला दव घालवणारा हीटर चालू ठेव. आणि सूर्याकडे वळवण्याआधी सोबतचा सोलर फिल्टर लावलाच पाहिजे.