पाणबुड्याच्या डोक्यावरचं जहाज

प्रश्न : गेल्या अंकात तुम्ही ब्रिटिश नौदलाच्या ‘एचएमएस रिक्लेम’ला आजच्या डायव्हिंग सपोर्ट जहाजांचं, म्हणजे खोल पाण्यात काम करणाऱ्या डायव्हरांना वरून आधार देणाऱ्या जहाजांचं, पूर्वज म्हटलंत. खोलीचे विक्रम तर पाणबुड्यांनी, म्हणजे डायव्हरांनी केले. मग जहाजाचं एवढं कौतुक कशासाठी? – एक वाचक

उत्तर : विक्रम पाणबुड्यांचेच, त्यात वाद नाही. १९४८ साली स्कॉटलंडच्या लॉक फाइनमध्ये पेटी ऑफिसर बोलार्ड ५४० फुटांवर उतरले आणि १९५६ मध्ये नॉर्वेच्या फ्योर्डमध्ये जॉर्ज वूकी ६०० फुटांवर. दोघेही ‘रिक्लेम’वरूनच. पण मी एकोणीस वर्षं अशा जहाजांवर पाणबुड्यांना दाबाखाली ठेवतात त्या चेंबरबाहेर, गॅसच्या पॅनेलसमोर बसून काढली आहेत. तिथून दिसतं ते सांगतो.

५४० फुटांवर माणसावर सुमारे सतरा पट दाब असतो. इतक्या खोलीवर साधी हवा दिली तर नायट्रोजनची झिंग चढते, शुद्ध हरपते. म्हणून हेलियममध्ये थोडा ऑक्सिजन मिसळून द्यायचा. हा वायू जहाजावरच्या सिलिंडरमधून होजने खाली जातो. म्हणजे पाणबुड्याचा प्रत्येक श्वास वरचं जहाज घेत असतं. ‘रिक्लेम’ खरं तर बुडालेली जहाजं वर काढण्यासाठी बांधायला घेतलं होतं, ‘सॅल्व्हरडंट’ या नावाने. पुढे तेच खोल डायव्हिंगसाठी तयार करून १९४८ च्या मार्चमध्ये पाण्यात सोडलं.

उतरणं सोपं, वर येणं अवघड. घाईने वर आलं तर रक्तात विरघळलेल्या वायूचे बुडबुडे होतात. त्यालाच बेंड्स म्हणतात. ठरलेल्या टप्प्यांवर थांबत, तासन्‌तास थंड पाण्यात लोंबकळत यायचं. यावर रॉबर्ट डेव्हिस यांनी काढलेला उपाय ‘रिक्लेम’च्या डेकवर होता : खालून उघडा असलेला पोलादी चेंबर. तो पाण्यात सोडायचा, आत एक मदतनीस आधीच बसलेला. पाणबुड्या वर येता येता त्यात चढायचा, मदतनीस त्याचं जड शिरस्त्राण उतरवायचा, झाकण बंद व्हायचं आणि चेंबर डेकवर यायचा. उरलेला दाब कोरड्यात, हळूहळू उतरवायचा. मदतनीस त्या दाबात स्वतःहून जाऊन बसायचा, याचं मला फार अप्रूप वाटतं. त्यांची नावं विक्रमांच्या यादीत नसतात.

१९५१ च्या एप्रिलमध्ये ‘अफ्रे’ ही ब्रिटिश पाणबुडी इंग्लिश खाडीत ७५ जणांसह नाहीशी झाली. जूनमध्ये ती सापडली तेव्हा ओळख पटवण्यात ‘रिक्लेम’वरून पाण्याखाली सोडलेल्या टेलिव्हिजन कॅमेऱ्याचा मोठा वाटा होता. पण त्या खाडीत भरती-ओहोटीचा ओढा जबर. पाणी थांबतं तेवढ्या थोड्या वेळातच खाली काम करता यायचं.

‘रिक्लेम’ची मर्यादाही नेमकी इथे होती. जहाज नांगरांच्या साखळ्यांनी चारी बाजूंनी ताणून धरलेलं असायचं. नांगर पक्के बसेपर्यंत निम्मा दिवस जातो, आणि फार खोल पाण्यात ते टाकणंच अशक्य होतं. १९६१ साली अमेरिकेत ‘युरेका’ या ड्रिलिंग जहाजावर यावर तोडगा निघाला. तळाशी वजन टाकून एक तार ताणून ठेवली. जहाज हललं की तार तिरपी होई, यंत्रणा तो कोन मोजून प्रोपेलर आपोआप फिरवी. हेच डायनॅमिक पोझिशनिंग, आमच्या भाषेत डीपी. पुढे सॅच्युरेशन डायव्हिंग आलं : पाणबुड्यांनी आठवडे-आठवडे जहाजावरच्या, आत दाब राखलेल्या चेंबरमध्येच राहायचं, बेलमधून, म्हणजे जहाजावरून खाली सोडलेल्या छोट्या कक्षातून, कामाला जायचं, वर यायचा दाब शेवटी एकदाच उतरवायचा. साधारण दर शंभर फुटांना एक दिवस लागतो.

चेंबरमधल्या माणसाचा आवाज हेलियममुळे चिरका होतो, बदकासारखा. तरी तो दमलाय की घाबरलाय हे मला त्याच आवाजावरून कळायचं. माझ्या रात्रपाळीत एकदा आमच्या जहाजाने आठ मीटर जागा सोडली. अलार्म वाजला, डीपीवाल्याने ते सावरलं, आणि पाणबुडे बेलमध्ये परत येईपर्यंत मी खुर्चीत टेकलो नाही. कारण पाणबुड्याला वायू पुरवणारी नाळ, म्हणजे अम्बिलिकल, ठरावीक लांबीचीच असते. २०१२ साली उत्तर समुद्रात अशाच एका जहाजाची यंत्रणा वादळात बंद पडली, जहाज वाहत गेलं आणि खालच्या पाणबुड्याची नाळ तुटली. पाठीवरच्या राखीव वायूवर काही मिनिटंच निघतात. तो अर्ध्या तासाहून जास्त वेळ तळाशी पडून होता आणि तरी जिवंत वर आला. त्याच्या साथीदाराने त्याला उचलून आणलं, पण त्याआधी जहाजाला पुन्हा त्याच्या डोक्यावर येऊन उभं राहावं लागलं.

म्हणून जहाजाचं कौतुक. ‘रिक्लेम’ १९७९ पर्यंत नौदलात होतं.