सिकेटर (फांद्या छाटायची जाड कात्री) असताना बारीक टोकाची वेगळी कात्री लागते का? कोणती घ्यावी, कशी जपावी?

लागते.

गच्चीवर गुलाब, मोगरा, टोमॅटो आणि कुंडीतलं लिंबू आहे, एवढं लिहून तुम्ही खाली हळूच जोडलंय, "घरचे म्हणतात पैसे पाण्यात." त्या ओळीमुळेच लिहायला बसले. हेच वाक्य काटोलला सासरी मी इतकं ऐकलंय की आता पाठ आहे.

सिकेटर फांदीसाठी असतो. टोमॅटोच्या बेचक्यातला फुटवा काढायला त्याची जाड चोच घातली की शेजारचा फुलांचा तुरा गेलाच म्हणून समजा. पण कात्रीची खरी किंमत मला कळली ती संत्र्याच्या तोडणीत.

आमच्याकडे आंबिया बहाराची, म्हणजे थंडी सरताना येणाऱ्या फुलांच्या फळांची, तोड साधारण डिसेंबरात चालते. मजूर फळ पिरगाळतात आणि ओढतात. आपल्या नागपुरी संत्र्याची साल सैल, त्यामुळे ओढताना देठापाशी टिकलीएवढी साल निघून देठाबरोबर झाडावरच राहते. फळ समोरून बघा, एकदम झकास. उलटं करा, तर डोक्यावर उघडी जखम. बुरशीला आणखी काय हवं?

मी माझी कात्री घेऊन झाडाखाली उभी राहिले. फळ दोनदा कापायचं असतं. आधी थोडा देठ ठेवून फांदीपासून सोडवायचं, मग हातात धरून देठ सालीच्या बरोबरीनं उडवायचा. हिरवी चकती फळावरच राहिली पाहिजे. देठाचं खुंट उरलं तर कॅरेटमध्ये शेजारच्या फळाला टोचतं, म्हणजे एकाचं वाचवून दुसऱ्याचं घालवलं. हे सिकेटरनं करून बघा, चार फळांत एकाची साल कापली जाते. बाकदार पात्याची छोटी कात्री असेल तर तिची पाठ फळाकडे ठेवायची, टोक सालीला लागतच नाही.

मामाजी, म्हणजे माझे सासरे, धुऱ्यावरून (शेताच्या बांधावरून) बघत होते. म्हणाले, "सूनबाई, कात्री कायले? आमच्या बापजाद्याईनं हातानंच तोडले."

मी वाद घातला नाही. एक कॅरेट हातानं तोडलेलं, एक कापलेलं, दोन्ही ओसरीवर शेजारी शेजारी ठेवली. हातानं तोडलेल्यात देठाकडून हिरवट बुरशी धरली, बोट लावलं की आत जायचं. कापलेलं कॅरेट टणक. यावर मामाजींचं उत्तर, "त्या कॅरेटले हवा लागली असंल." दोन कॅरेटमध्ये वीतभर अंतर होतं!

त्याच मुक्कामात माझ्या कात्रीनं कोणीतरी कुंपणाची तार तोडली. कोणी, ते घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पात्याला दात पडले. वर भरपाई म्हणून त्यांनीच ती धारवाल्याकडून दोन्ही बाजूंनी चकचकीत घासून आणली. इथे कात्री मेली. पात्याची बाहेरची बाजू उतरती असते, धार तिथे लावायची. आतल्या सपाट बाजू एकमेकींवर घासत बंद होतात. त्या घासल्या की मध्ये फट पडते आणि पान कापलं न जाता दुमडून पात्यांत अडकतं. घरी धार लावायची तर बारीक दगड, मूळचाच उतार, हलक्या हातानं. सपाट बाजू दगडावर पूर्ण आडवी टेकवून एकदाच फिरवायची, फक्त धारेची कूस, म्हणजे घासताना उलटलेली बारीक कड, काढायला.

घ्यायची कोणती? रिव्हेटवाली घेऊ नका, नट-बोल्टवाली घ्या. ढिली झाली तर आवळता येते, उघडून पुसता येते. दुकानात उजेडाकडे धरून हळूहळू बंद करा आणि फट दिसते का बघा. मग साधा टिश्यू पेपर अगदी टोकानं कापा. टोकाशी चुरगळला तर परत ठेवा, वेष्टनावर काहीही लिहिलेलं असो. हाय कार्बन स्टीलची धार सरस पण गंज लवकर, स्टेनलेसची बेताची पण पावसाळ्यात डोक्याला ताप नाही. गच्चीला स्टेनलेस पुरे. जपानी वगैरे मोह बोन्सायवाल्यांना होऊ द्या.

काम झालं की ओल्या फडक्यानं चीक पुसा, कोरडी करा, सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सोडा. माझी जाऊ खोबरेल लावते. नागपूरच्या थंडीत खोबरेल बाटलीत थिजतं, मग सांध्यात काय वेगळं होणार? कात्री कुरकुरते आणि ती म्हणते महागाची काही कामाची नाही.

लिंबाच्या पानांवर खैऱ्या रोगाचे (कँकरचे) उंचवटेदार तांबूस ठिपके असतील तर त्या झाडावरून निघाल्यावर पाती स्पिरिटनं पुसल्याशिवाय गुलाबाला काय, दुसऱ्या लिंबालाही लावायची नाही. ओल्या पानांवर तर छाटूच नका, खैऱ्या ओलाव्यातच पसरतो.

आता न्यायाचं बोलायचं तर मामाजींचा एक मुद्दा खोटा नव्हता. कात्रीनं तोड हळू होते आणि मजुरी रोजानं असते. माल त्याच दिवशी नागपूरच्या कळमना बाजारात जाणार असेल तर कुणाला एवढा वेळ आहे. पण घरी ठेवायच्या, पाहुण्यांना द्यायच्या फळांचं काय? ती तरी कापून घ्या, एवढंच मी म्हणत होते, आणि ते त्यांना आजही ऐकायचं नाही.

तुमच्या गच्चीवर संत्रा नाही हे मला कळतं. गुलाबाची जून फांदी मात्र या कात्रीनं कापू नका, पेन्सिलीच्या अर्ध्या जाडीच्या पुढे सिकेटरच काढा. आणि घरात कोणी डावरं असेल तर डाव्या हाताचीच कात्री मागा. उजवी कात्री डाव्या हातात धरली की अंगठ्याच्या दाबानं पाती जवळ यायच्याऐवजी फाकतात, आणि मग ती कापते कमी, चावते जास्त.