फ्रेंच क्रियापदांची लांब रूपे सिलॅबलमध्ये कशी तोडावीत?

‘भेटणे’ या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदाचे ‘नू रांकोंत्ररियों’ हे संकेतार्थी रूप वाचताना जीभ अडखळते आणि त्याचे सिलॅबल, म्हणजे एका दमात उच्चारले जाणारे तुकडे, किती धरावेत ते कळत नाही, असे आपण विचारले आहे. ‘नू’ म्हणजे ‘आम्ही’; तो बाजूला ठेवल्यास चार सिलॅबल उरतात : रां-कों-त्र-ऱ्यों.

शेवटी ‘रियों’ऐवजी ‘ऱ्यों’ मी मुद्दाम लिहिले आहे. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे शब्द मोठ्याने म्हणून पाहावेत. पहिल्यात र् आधीच्या ‘द’ला चिकटतो, तर दुसऱ्यात तो ‘या’बरोबर एका दमात येतो. फ्रेंचला येथे हा दुसरा उच्चार हवा असतो, आणि तो दाखवणारे चिन्ह आपल्या लिपीत आयते आहे हे लक्षात आले तेव्हा मला फार आनंद झाला होता.

मधला ‘त्र’ फोडू नये. दोन व्यंजने एकत्र आली की सहसा पहिले मागे राहते आणि दुसरे पुढे जाते; म्हणून ‘आम्ही बोलत होतो’ याचे क्रियापद पार्-ल्यों असे तुटते. परंतु त, द, प, ब, क, ग यांसारख्या व्यंजनामागून र आला तर ती जोडी अभंग राहते. आपण ‘पत्र’ हा शब्द ‘पत्-त्र’ असा म्हणतो, ती सवय येथे सोडावी लागते. अशा जोडीला ‘यों’ हा प्रत्यय थेट लागला, तर मात्र एकाचे दोन सिलॅबल होतात : ‘आम्हांला आवडेल’ या अर्थाचे वू-द्रि-यों.

खरी कसोटी अस्पष्ट ‘अ’ची आहे. ‘करतात’ आपण चार अक्षरांत लिहितो, पण बोलताना कर्-तात असे दोनच सिलॅबल ऐकू येतात. त्याचप्रमाणे ‘आम्ही देऊ’ याचे फ्रेंच रूप कवितेत दो-न-रों असे तीन, तर रोजच्या बोलण्यात दोन्-रों असे दोन सिलॅबलचे होते. संकेतार्थातील दो-न-ऱ्यों मध्ये मात्र तो ‘अ’ गाळता येत नाही, कारण तो गेला तर न्, र् आणि य् एकमेकांवर आदळतात. भविष्यकाळ आणि संकेतार्थ यांच्या मोजणीतला हा फरक मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

तृतीयपुरुषी अनेकवचनाच्या लांब शेपटीला घाबरू नये. संकेतार्थातील रां-कों-त्र-रे याच्या फ्रेंच लेखनात शेवटी ‘र’नंतर पाच अक्षरे लिहिलेली दिसतात, पण त्यांचा उच्चार केवळ ‘ए’ असतो, आणि फ्रेंच कवितेतल्या 12 सिलॅबलच्या आलेक्सांद्रँ ओळीतही तो प्रत्यय एकच मोजला जातो.