मोठ्यांच्या आयसीयूतून मुलांच्या आयसीयूत येताना : दम्यापुरतं

पहिली पोस्टिंग आहे, भीती वाटणारच. पण औषधं बरीचशी तुझ्या ओळखीचीच आहेत: ऑक्सिजन, श्वासनलिका सैल करणाऱ्या साल्ब्युटामॉल-इप्राट्रोपियमचं नेब्युलायझेशन (औषधाची वाफ हुंगवणं), लवकर स्टेरॉइड, मग मॅग्नेशियम.

फक्त आधी वजन बघ. मोठ्यांना मॅग्नेशियम सल्फेट सरसकट २ ग्रॅम देतोस. मुलांत किलोमागे ४० ते ५० मिलिग्रॅम, तेही २० मिनिटांत सावकाश. म्हणजे १८ किलोच्या पोराला जास्तीत जास्त ९०० मिलिग्रॅम.

मग छाती उघडी करून मिनिटभर नुसतं बघत राहा. बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते का? पोर एका दमात किती शब्द बोलतं? मुलं खूप वेळ झुंजतात आणि थकली की झपाट्याने कोसळतात. घरघर थांबली म्हणून हुश्श करू नकोस, कदाचित आत हवाच जात नसेल. इतक्या धापेत रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी यायला हवा; तो 'नॉर्मल' आला तर तो थकव्याचा इशारा समज. हे मोठ्यांतही खरं आहे.

नवीन मंडळी इथे चुकतात:

- घशातून श्वासाची ट्यूब टाकायची घाई. ट्यूबने आकसलेल्या श्वासनलिका सैल होत नाहीत. सीनियरला आधीच बोलाव.
- व्हेंटिलेटरवर वयाप्रमाणे श्वासांचा जास्त रेट लावणं. आत हवा कोंडते, बीपी पडतं. रेट कमी ठेव, श्वास सोडायला वेळ दे.
- आईला बाहेर काढणं. रडून धाप वाढते. मांडीवरच नेब्युलायझर दे.

टर्ब्युटालिन, अमिनोफिलिन या पुढच्या औषधांचं पुढच्या आठवड्यात बोलू.