फुटलेला फिश टँक टाकून देऊ नका

प्रश्न : ठाण्यात सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. आठ महिन्यांपूर्वी दुकानदाराकडून बनवून घेतलेल्या फिश टँकचा (४ × १.५ × २ फूट) जोड रात्रीत सुटला. खालच्यांचं पीओपी सीलिंग आणि वॉर्डरोब भिजला. ते ३ लाख २० हजार मागतात. सेक्रेटरी म्हणतात, रक्कम मेंटेनन्सच्या बिलात लावू. दुकानदार म्हणतो, काचेला वॉरंटी नसते.

उत्तर : आधी तो टँक जपा. सिलिकॉन खरवडू नका, दुकानदाराच्या ताब्यात देऊ नका. पैसे अखेर कोणी द्यायचे, हे गळतीच्या कारणावर ठरेल आणि ते कारण त्या जोडात दिसतं. सिलिकॉन काचेपासून अखंड पट्टीसारखं सुटलं असेल, तर काच नीट पुसली नव्हती किंवा सिलिकॉन पुरतं सुकलं नव्हतं, असा संशय घ्यायला जागा आहे. कोपऱ्यातून तिरकी चीर गेली असेल, तर बोट स्टँडकडे वळेल. तुमच्या मापाच्या टँकमध्ये काठोकाठ भरल्यास सुमारे ३४० लिटर, म्हणजे तितकेच किलो पाणी मावतं. स्टँड जरा तिरका असला तरी काचेवर ताण येतो. म्हणून स्टँड हलवण्याआधी त्यावर स्पिरिट लेव्हल (पातळी तपासायचं साधन) ठेवून फोटो काढा. पाइप निसटला असता, तर दोष सरळ तुमच्याकडे आला असता.

शेजाऱ्यांबाबत : पाणी तुमच्या घरातून गेलं एवढ्यावरच भरपाई ठरत नाही, निष्काळजीपणा दिसावा लागतो. पण टँक तुमच्या ताब्यात होता, त्यामुळे काळजी घेतली होती हे व्यवहारात तुम्हालाच दाखवावं लागेल. दोन साक्षीदारांसमोर एकत्र पाहणी करा, दोन कंत्राटदारांचे अंदाज घ्या. दहा वर्षं वापरलेल्या वॉर्डरोबला नव्याची किंमत मिळत नाही, घसारा वजा होतो. व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘सगळं भरून देतो’ असं लिहू नका; तो कबुलीजबाब म्हणून पुढे येतो. त्यांना दाव्यासाठी साधारण तीन वर्षांची मुदत आहे.

सोसायटीला ही रक्कम मेंटेनन्सच्या बिलात घालता येणार नाही. हा दोन सदस्यांमधला भरपाईचा वाद आहे, थकबाकी नव्हे. तशी हरकत लेखी कळवा.

घराचा विमा असेल तर आजच कळवा, विमा कंपनीचा सर्व्हेअर येण्याआधी दुरुस्ती करू नका. भारत गृह रक्षा पॉलिसीत पाण्याच्या टाक्या, उपकरणं व पाइप फुटण्याची जोखीम धरलेली आहे, पण ती तुमच्या नुकसानीपुरती. शेजाऱ्यांच्या नुकसानीसाठी जबाबदारीचं वेगळं कव्हर लागतं, ते घेतलंय का पाहा.

दुकानदारानं टँक स्वतः जोडला, म्हणजे तो नुसता विक्रेता नाही, उत्पादक आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे उत्पादनातल्या दोषानं तुमच्या इतर मालमत्तेला झालेल्या हानीची भरपाई मागता येते. ‘वॉरंटी नाही’ म्हणून हात झटकता येत नाहीत. स्पीड पोस्टानं (नोंदणीसह) नोटीस द्या. न मानल्यास घटनेपासून दोन वर्षांत जिल्हा ग्राहक आयोगात जा. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीवर फी नाही. खालच्यांना दिलेली रक्कमही मागा, म्हणूनच ती वाजवी असावी आणि बिलांनिशी द्यावी.

शेजाऱ्यांशी तडजोड होत असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावापूर्व प्रकरण म्हणून लोकअदालतीत नोंदवा. तिथला निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा असतो, त्यावर अपील नाही. घरगुती कागदावर मिटवणार असाल तर ‘या घटनेबाबत आणखी मागणी नाही’ असं स्पष्ट लिहून सही घ्या आणि पैसे चेकनंच द्या.