अंतराळयान जोडतात त्या क्लीनरूमच्या (धूळ-जंतू कमीत कमी ठेवलेल्या खोलीच्या) हवेतले जंतू कसे मोजतात?

नुसतं कण मोजणारं यंत्र पुरत नाही, कारण धूळ कुठली आणि जिवाणू कुठला हे त्याला कळत नाही. म्हणून पंपाने ठरावीक हवा जिलेटिनच्या फिल्टरमधून ओढतात. तो फिल्टर अगारच्या (जंतू वाढवायच्या जेलीच्या) बशीवर ठेवला की जिलेटिन विरघळतं आणि काही दिवसांत ठिपक्यांसारख्या जंतूंच्या वसाहती दिसू लागतात. त्या मोजायच्या.

पण बहुतेक जंतू बशीत वाढतच नाहीत, म्हणून डीएनएही तपासावा लागतो. (त्यात मेलेलेही मोजले जातात, हे विसरू नका.)

जंतू येतात मुख्यतः माणसांच्या अंगावरून, आणि इतक्या साफसफाईतून टिकतात ते फार चिवट. उदाहरणार्थ, टर्सिकोकस फिनिसिस हा जिवाणू २००७ मध्ये फ्लोरिडात, मंगळावर गेलेल्या फिनिक्स यानाच्या क्लीनरूममध्ये फरशीवर सापडला. नंतर फ्रेंच गयानातल्या कुरू इथल्या अंतराळतळाच्या क्लीनरूममध्येही.